चाळीस हजार गाणी, एक वरात: भाच्याला कानमंत्र

परवा तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "दादा, पोराने तिसरी हार्ड डिस्क आणली, आणि तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एक गाणं शोधत बसतो." डीजेच्या त्या खुर्चीत मी कित्येक वर्षं बसलोय, म्हणून लिहितो आहे. माझ्या वेळी आधी कॅसेटच्या दोन सुटकेसी होत्या. मग एका सीडीवर दीडशे एमपीथ्री मावायला लागली आणि हाताला धरबंध राहिला नाही.

तुझ्याकडे ४०,००० गाणी आहेत म्हणतोस. एकेक चार मिनिटांचं धरलं, तर दिवसरात्र न थांबता १११ दिवस वाजतील. वरात संध्याकाळी ७ ला निघते आणि रात्री १० ला आवाज बंद करावा लागतो. दोन-अडीच मिनिटांनी गाणं बदललंस तरी तीन तासांत सत्तर ते नव्वद गाणी लागतात. ती नव्वद हाताशी यावीत, एवढ्याचसाठी हे सगळं.

१. आवरायला बसण्याआधी सगळ्या कलेक्शनची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर काढ आणि ती डिस्क आईच्या कपाटात ठेव — आवरताना नको ते पुसलं जातंच, आणि आईच्या कपाटातून तू सहजासहजी काही काढू शकत नाहीस.

२. सुरुवात ढिगापासून करू नकोस, वाजलेल्या गाण्यांपासून कर — डीजे सॉफ्टवेअर सेराटो असो की रेकॉर्डबॉक्स, दोन्हींत हिस्ट्री असते. गेल्या लगीनसराईची हिस्ट्री उघड, तीच ती गाणी पुन्हा पुन्हा दिसतील. गोठा मोठा म्हणून दूध जास्त निघत नाही.

३. रोज वीस मिनिटं बस, चहाचा कप संपेपर्यंत — एका रविवारात उरकू म्हणणाऱ्याचे कान जेवणाच्या वेळेपर्यंत बधिर होतात, मग सगळीच गाणी सारखी वाटायला लागतात.

४. नव्या गाण्यांसाठी 'उंबरा' नावाचं एक फोल्डर कर. आलेलं गाणं आधी तिथे थांबेल — थेट घरात घेतलेलं गाणं कुठे बसलंय ते पुन्हा सापडत नाही.

५. उंबऱ्यावरचं गाणं पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत ऐक, मगच आत घे. एका हळदीत मी नवं रीमिक्स न ऐकता लावलं. तिसऱ्या मिनिटाला त्यात कुणीतरी शिवी हासडली होती. नवरीचे आजोबा काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीवरून उठून आत गेले. त्यांची पाठ मला अजून दिसते.

६. ज्या रीमिक्समध्ये दर मिनिटाला दुसऱ्याच डीजेचं नाव ओरडलं जातं, ते उंबऱ्यावरूनच परत पाठव — लग्न ज्यांचं आहे, नाव त्यांचं गाजलं पाहिजे.

७. ऐकतानाच कॉमेंटच्या रकान्यात दोन शब्द लिही: "अंतऱ्यात हलगी", "शेवट एकदम तुटतो", "मुलं नाचतात" — सहा महिन्यांनी गर्दीत हेच दोन शब्द तुझे डोळे होतात. ऐकलं ते आपलं, नुसतं साठवलं ते डिस्कचं.

आपण मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो होतो, आठवतं? छताला भोपळे टांगलेले होते आणि तू विचारलंस, एवढ्यांचे तंबोरे होतात का? तो कारागीर प्रत्येक भोपळा हातात फिरवून, बोटाने ठोकून बघत होता. काही बाजूला ठेवत होता. बाजूला ठेवलेल्यांचं त्याला वाईट वाटत नव्हतं. गाण्यांच्या बाबतीत तुझ्याकडून मला तेवढंच हवंय.

आता नावांकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण तुझे रात्रीचे दोन वाजतात ते इथेच.

८. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलचं नाव त्याच दिवशी बदल — 'एयूडी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडे, असल्या नावाची दोनशे गाणी माझ्याकडे साठली होती, आणि त्यातलं एकही कधी शोधून वाजवता आलं नाही. नाव नाही त्याला गाव नाही.

९. मराठी गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहीत असशील, तर स्पेलिंगचा एकच नियम ठरव आणि तो वहीत लिहून ठेव — 'झिंगाट' कुणी झेडने लिहितं, कुणी जे-एचने, कुणी शेवटच्या टीआधी एक ए घालतं, कुणी दोन. गाणं डिस्कवर असतं, पण सर्चमध्ये सापडत नाही.

१०. बाकीची स्पेलिंगं फेकून देऊ नकोस, कॉमेंटमध्ये घाल — घाईत बोटं कुठलं स्पेलिंग टाइप करतील याचा भरवसा नसतो.

११. लोक गाणं कसं मागतात तेही लिहून ठेव — नाव कुणी सांगत नाही, "ते सैराटवालं", "ते दारूच्या दुकानासमोरचं" असंच सांगतात.

१२. वर्ष मूळ गाण्याचं लिही, रीमिक्सचं नव्हे: 'नटरंग' २०१०, 'सैराट' २०१६ — "आमच्या कॉलेजच्या वेळचं लाव" म्हणणाऱ्या पाहुण्याचं वय बघायचं, वर्ष टाकायचं, की पडद्यावर गाणी हजर.

१३. संगीतकार आणि गायक दोघांचेही रकाने भर — 'अजय-अतुल' लिहिल्यावर निम्मी वरात एका यादीत येते. आणि ज्यांच्या जिवावर आपण पोट भरतो त्यांचं नाव आपल्या डिस्कवर तरी नीट असावं.

१४. जुन्या फाइलीत नाव मध्येच तुटलेलं दिसलं तर घाबरू नकोस, पूर्ण करून टाक — आयडीथ्री टॅगच्या पहिल्या आवृत्तीत नावाला तीसच अक्षरांची जागा होती, उरलेलं कापलं जायचं.

१५. नावं एकगठ्ठा बदलायला एमपीथ्रीटॅग हे विंडोजवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चांगलं, पण आधी दहा फाइलींवर करून बघ — एका क्लिकमध्ये जितकं सुधारतं, तितकंच बिघडतंही.

१६. 'बॉलिवूड', 'अदर' असले तयार प्रकार पुसून आपले दहा-बाराच ठेव — प्रकार बोटांवर मोजता आले, तर अंधारातही आठवतात.

१७. क्रेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या गाण्यांच्या याद्या, कर ते प्रसंगाप्रमाणे: हळद, वरात, नवरीचं आगमन, संगीत, जेवणाच्या वेळचं — यजमान ताल विचारत नाहीत, "आता वधू येतेय" एवढंच सांगतात.

१८. पण क्रेटसाठी गाण्याची नवी कॉपी कधी करू नकोस — क्रेटमध्ये नुसती नोंद जाते, फाइल जागेवरच राहते. तू दर सुपारीला नवं फोल्डर करून त्यात गाणी कॉपी केलीस, म्हणून तुझी दहा हजारांची चाळीस हजार झाली.

१९. तारे आवडीसाठी देऊ नकोस, जोरासाठी दे: एक म्हणजे पाहुणे बसलेत, पाच म्हणजे धूळ उडतेय — तुझी आवड रोज बदलते, गाण्याचा जोर बदलत नाही.

२०. 'शून्य शून्य' असा आकडा पुढे लावून अडीनडीचा एक क्रेट कर, पंधरा गाण्यांचा — आकड्यामुळे तो यादीत सगळ्यात वर राहतो, आणि घाबरलेल्या माणसाची नजर वरच जाते.

२१. गणपती, शिवजयंती, १४ एप्रिल यांचे क्रेट वर्षभर हळूहळू भर आणि मंडळाला आठवडाआधी दाखव. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची भीमगीतं, वामनदादा कर्डकांचे शब्द, हे आयत्या वेळी कुठून तरी उतरवून घ्यायचं काम नव्हे — त्या दिवशी लोक नाचायला येतात तसे मानाने उभे राहायलाही येतात, आणि खरखरणारी फाइल त्यांना लगेच कळते.

दुहेरी गाण्यांबद्दल लिहिताना अजून पोटात कालवतं. एका पावसाळ्यात मी प्रोग्राम लावून सगळी डुप्लिकेट एका रात्रीत पुसली. सकाळी बघतो तर प्रत्येक जोडीतलं नेमकं तेच गाणं गेलं होतं, ज्यावर मी वर्षानुवर्षं क्यू (उडी मारायच्या जागांच्या खुणा) लावले होते. मागे राहिली ती कोरी. तीन लगीनसराया खर्च झाल्या पुन्हा क्यू लावण्यात.

२२. म्हणून डुप्लिकेट पुसताना क्यू असलेली कॉपी राख, मग आवाजाची प्रत बघ — चांगली फाइल पुन्हा मिळते, तुझी मेहनत मिळत नाही.

२३. जोडीतली दोन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकून ठरव — नाव एक असलं तरी एक चित्रपटातलं असतं आणि एक लांब ठेक्याचं, आणि तुला दोन्ही लागतात.

२४. गाणं हलवणं किंवा फाइलचं नाव बदलणं डीजे सॉफ्टवेअरमधून जमत असेल तर तिथूनच कर. नसेल तर आधी ठरव, मग एकदाच हलव — बाहेरून परस्पर हलवलेलं गाणं सॉफ्टवेअरला सापडत नाही, रेकॉर्डबॉक्समध्ये त्यापुढे उद्गारचिन्ह येतं. पत्ता न सांगता घर बदललं, की पोस्टमनला दोष देऊ नये.

२५. विंडोजवर बाहेरच्या डिस्कला एक अक्षर कायमचं लावून दे, बरंच पुढचं, 'एम' वगैरे — आज 'ई' आणि उद्या दुसरा पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून 'एफ' झालं, की सगळी गाणी एकदम हरवल्यासारखी दिसतात.

२६. नको असलेलं गाणं लगेच पुसू नकोस, 'माळा' नावाच्या फोल्डरमध्ये एक लगीनसराई ठेव — वर्षभर कुणी मागितलं नाही, तर तुझा हातच मोकळेपणाने पुसेल.

आवाजाच्या प्रतीबद्दल थोडक्यात.

२७. हलक्या फाइलला ३२० केबीपीएसमध्ये बदलून ती भारी होत नाही — पाणी घातलेलं दूध मोठ्या भांड्यात ओतलं तरी तेच असतं.

२८. शंका आली तर स्पेक नावाच्या छोट्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघड. चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापल्यासारखं दिसलं तर ती मुळात १२८ ची असावी — घरच्या हेडफोनवर फरक कळत नाही, टॉप स्पीकरवर झांजेचा चुरा ऐकू येतो.

२९. रोजच्या कामाला ३२० ची एमपीथ्री पुरे, चार मिनिटांना साधारण १० एमबी. डब्ल्यूएव्ही त्याच गाण्याला ४० एमबी खातं — ते दुर्मीळ गाण्यांसाठी आणि स्वतः कॅसेटवरून उतरवलेल्यांसाठी राख.

३०. विकत घे, आणि पावत्या एका फोल्डरमध्ये ठेव — डिस्क गेली तर विकत घेतलेलं गाणं बहुतेक ठिकाणी पुन्हा उतरवून घेता येतं, फुकटचं पुन्हा भीक मागून आणावं लागतं.

३१. जुन्या गाण्यांचा आवाज लहान वाटला तर फाइलशी झटापट करू नकोस, ऑटो गेन चालू ठेव — तो फक्त वाजवताना पातळी सारखी करतो, मूळ फाइलला हात लावत नाही.

आणि ठेका. सॉफ्टवेअर हुशार आहे, पण ते आपल्या गावात वाढलेलं नाही.

३२. बीपीएम ७० दिसला तर एकदा पायाने ताल धरून बघ, खरा १४० असेल — मशीन निम्मा किंवा दुप्पट मोजतं, आणि मग ते गाणं तुझ्या यादीत भलत्याच टोकाला जाऊन बसतं.

३३. पन्नास-साठ-सत्तरच्या दशकांतल्या चित्रपटगीतांना ताल आपोआप जुळवणारं सिंक लावू नकोस — स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंद बसून एकत्र वाजवायचा, ठेका श्वासासारखा किंचित पुढेमागे व्हायचा. त्यावर सरळ रेषांची ग्रिड दुसऱ्या अंतऱ्यात घसरते. ही गाणी कानाने मिसळ. तेवढा वेळ त्यांना द्यायलाच हवा.

३४. सहा मात्रांच्या चालीची कोळीगीतं वेगळ्या क्रेटमध्ये ठेव — सॉफ्टवेअर त्यांना चारांत मोजतं, आणि चाराच्या गाण्यावर सहाचं चढवलं की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. त्या दोघांमध्ये टाळ्यांचा किंवा नुसत्या ढोलाचा एक तुकडा ठेवला की पाय आपोआप बदलतात.

३५. 'की' दाखवणारी अक्षरं नव्या गाण्यांसाठी बघ, जुन्या लोकगीतांसाठी गुणगुणून बघ — कॅसेट जरा जलद किंवा हळू फिरली की सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी जातो, आणि मशीन जवळचं काहीतरी सांगून टाकतं.

३६. क्यूंचे रंग सगळ्या गाण्यांना सारखेच ठेव: पहिला ठोका हिरवा, ध्रुपद पिवळं, बाहेर पडायची जागा लाल — गर्दीत वाचायला वेळ नसतो, रंग दिसतो.

उरलं ते रस्त्यावरचं.

३७. फिरणारी हार्ड डिस्क टेम्पोवर चढवू नकोस, एसएसडी ने. माझी डिस्क बेसच्या पेट्यांना टेकून ठेवली होती. अर्ध्या वरातीत तिने टकटक सुरू केली आणि गाणं थांबलं. नवरा घोड्यावर, सगळा रस्ता गप्प — आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावरची सुई असले हादरे सोसत नाहीत. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

३८. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर — चोर आणि पाणी एका घरातल्या तिन्ही कॉप्या एकदमच नेतात. घराबाहेरची माझ्याकडे ठेव, तेवढ्या निमित्ताने येशील तरी.

३९. बॅकअप नुसत्या गाण्यांचा घेऊ नकोस — सेराटोचे क्रेट '_सेराटो_' नावाच्या फोल्डरमध्ये असतात, रेकॉर्डबॉक्सची बरीचशी नोंद त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. गाणी वाचली आणि नोंदी गेल्या, तर पुन्हा ढीगच हातात येतो.

४०. महिन्यातून एकदा बॅकअपमधली पाच गाणी उघडून वाजव — न उघडलेला बॅकअप म्हणजे न चाखलेलं लोणचं, बुरशी आलीय की नाही ते बरणी उघडल्यावरच कळतं.

४१. दुसऱ्याच्या प्लेअरवर वाजवायला जाताना पेनड्राइव्ह फॅट३२ करून ने, आणि सारखे दोन ने — एनटीएफएस केलेला पेनड्राइव्ह असे बरेच प्लेअर वाचत नाहीत, आणि एकुलता एक पेनड्राइव्ह नेमका खिशातून पडतो.

४२. सुपारीच्या आदल्या दिवशी कसलंही अपडेट करायचं नाही — नव्या आवृत्तीचं रुसणं घरी काढता येतं, मांडवात नाही.

४३. ऑनलाइन गाण्यांच्या भरवशावर मंगल कार्यालयात जाऊ नकोस — पाचशे पाहुणे एकदम फोटो पाठवत असतात, तुझ्या गाण्याला नेटवर्क कुठून मिळणार?

४४. शेवटची चार गाणी आधीच ठरवून एका क्रेटमध्ये ठेव आणि पावणेदहाला ती लाव — ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, पण अजूनही दहा वाजता गाणं अर्ध्यात तोडावं लागतं ते फक्त तयारी नसते म्हणून. बाजूच्या इमारतीत कुणाचं तान्हं बाळ असतं, कुणी आजारी असतं.

४५. आता एका फाइलबद्दल. तुझ्या आजीने घाणा भरताना म्हटलेली गाणी मी माझ्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. एएमआर फाइल आहे, आवाज बारीक आहे, मध्येच कुणीतरी भांडं पाडतं आणि आजी न थांबता पुढे म्हणत राहते. डीजे सॉफ्टवेअर ती उघडेल असं धरू नकोस. तिची डब्ल्यूएव्ही कॉपी कर, पण मूळ फाइल तशीच ठेव — बदलताना काही निसटलं तर मूळच पुन्हा हाताशी लागतं. भांड्याचा आवाज साफ करू नकोस. नावाच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिही, आणि ती पहिल्या दिवशीच तिन्ही ठिकाणी ठेव. तुझ्या बहिणीच्या हळदीला, सगळे जमायच्या आधी बायका अंगणात बसलेल्या असतील तेव्हा, ती लाव. आवाज लहान ठेव, मग त्या मिळून म्हणायला लागतील.